ॲपने नाव दिलं मैत्रिणीचं, बघत होतं भलतंच कोणी: एका प्रोफाईलचं पूर्ण प्रकरण

ही हकीकत माझ्या मामेबहिणीची आहे. तिला विचारूनच लिहितेय, तिने आधी सगळं वाचलं, दोन गोष्टी काढायला लावल्या त्या काढल्या, आणि नावं-गावं तर कुठलीच ठेवलेली नाहीत. लिहायचं कारण असं की "माझी प्रोफाईल कोण चोरून बघतंय ते कसं कळेल" हे मला सारखं कोणीतरी विचारत असतं आणि विचारणाऱ्याला उत्तर म्हणून एखाद्या ॲपचं नाव हवं असतं. तिलाही तेच हवं होतं. ॲप मिळालं, ॲपने नाव पण दिलं, आणि त्या एका नावापायी तिची अकरा वर्षांची मैत्रीण तुटली. नाव साफ खोटं होतं. पण तिची शंका मात्र खोटी नव्हती, खरंच कोणीतरी बघत होतं, फक्त ती शोधत होती त्या दिशेला ते नव्हतंच.

आधी पार्श्वभूमी. तिचं लग्न ठरलं होतं, मग मोडलं. भांडणतंटा फार झाला नाही पण दोन्हीकडे मनं दुखावली होती. तिने त्यानंतर इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलं, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याला, त्याच्या बहिणीला, अजून तीन-चार जणांना ब्लॉक केलं, ज्यांच्याशी बोलणं नाही असे फॉलोअर्स एकेक करून काढून टाकले आणि चारशेच्या आसपास ओळखीची माणसं ठेवली. म्हणजे तिने आपल्या बाजूने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, ती निष्काळजी होती असं कोणी म्हणू नये.

साधारण आठ महिन्यांनी गोष्टी बाहेर यायला लागल्या. पहिल्यांदा नोकरी बदलायचं. तिने क्लोज फ्रेंड्सच्या स्टोरीवर, म्हणजे तेव्हा नऊच जणांना दिसेल अशी, इंटरव्ह्यूला निघालेय असा फोटो टाकला होता आणि चार दिवसांनी दोन्ही घरांना ओळखणाऱ्या एका बाईंनी फोनवर सहज विचारलं, नवीन नोकरीचं काय झालं गं. ती म्हणाली असेल कोणीतरी बोललं. मग तब्येतीचं. तिला काही तपासण्या सांगितल्या होत्या, ते तिने फक्त त्या जवळच्या मैत्रिणीला मेसेजमध्ये लिहिलं होतं, घरी सुद्धा सांगितलं नव्हतं, आणि दोन आठवड्यांत त्याच बाईंकडून "तब्येतीची काळजी घे, रिपोर्ट आले का" असं आलं. इथे तिची झोप उडाली. कोण, कोण, कोण हे एकच डोक्यात. रात्री दोन वाजता फॉलोअर्सची यादी वरून खाली वाचत बसायची, स्टोरीला कोण पहिलं दिसतंय ते लिहून ठेवायची, तिच्याकडे खरंच एक वही होती त्यासाठी, मी बघितलीये.

तिसरी एक गोष्ट होती पण तिकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं, ती पुढे सांगते.

तिने शोधायला सुरुवात कशी केली ते नीट सांगते कारण बहुतेक सगळे याच वाटेने जातात. पहिले स्टोरीचे व्ह्यूअर्स. इन्स्टाग्रामवर स्टोरी २४ तास राहते आणि ती कोणी बघितली ती नावं टाकल्यापासून ४८ तासांपर्यंत दिसतात, त्यानंतर नावं जातात. ही यादी खरी असते, पण ती स्टोरी बघितल्याची यादी आहे, प्रोफाईल उघडून जुने फोटो चाळत बसलेल्याचं नाव त्यात येत नाही. तिचा समज असा की यादीत सगळ्यात वर जो सारखा येतो तो सारखा प्रोफाईलवर येत असणार. तसं नाहीये. आपलं आणि त्या माणसाचं ॲपमधलं एकमेकांशी जेवढं येणंजाणं, लाईक, मेसेज, ते वरच्या क्रमाला कारण असतं, म्हणून आपली जवळची माणसं वर दिसतात. तिच्या वहीत कोण वर असणार होतं? तीच मैत्रीण. जवळची होती म्हणून वर होती, आणि वर होती म्हणून संशयात आली. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मग फेसबुक. तिथे एक जुनी युक्ती फिरत असते, कॉम्प्युटरवर आपलं पेज उघडायचं, पेजचा सोर्स कोड, म्हणजे पेज ज्यातून बनतं तो मागचा मजकूर, बघायचा, त्यात 'बडी आयडी' शोधायचं आणि पुढचा नंबर फेसबुकच्या पत्त्याला जोडायचा की प्रोफाईल बघणारा समोर. त्याच्याही आधी हीच युक्ती 'इनिशियल चॅट फ्रेंड्स लिस्ट' या शब्दाने चालायची. नंबर खरंच निघतात, खऱ्या मित्रांचे निघतात, म्हणून विश्वास बसतो. पण ते चॅटच्या बाजूपट्टीसाठी पेजमध्ये भरलेले मित्र असतात, कोणी आपल्याला बघितलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तिला पहिला नंबर एका शाळेतल्या मुलाचा मिळाला, त्याला तिने तीन दिवस मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून टाकलं होतं, त्याला आजपर्यंत पत्ता नाही.

पुढचा व्हिडिओ तर आणखी धोक्याचा होता, ब्राउझरमध्ये डेव्हलपरचं कन्सोल उघडा आणि हा कोड पेस्ट करा म्हणे. तिने उघडलं, तर फेसबुकने तिथेच लाल मोठ्या अक्षरांत थांबा असं दाखवलं, खाली लिहिलेलं की कोणी इथे काही पेस्ट करायला सांगितलं असेल तर ती फसवणूक आहे. ती थांबली. तो कोड पेस्ट केला असता तर तो तिच्याच लॉगिनमध्ये, तिच्याच नावाने चालला असता, तिला काय दिसलं असतं ते सोडा, कोड लिहिणाऱ्याला तिचं अकाउंट वापरता आलं असतं.

इथे थांबली ती ॲपजवळ मात्र थांबली नाही. कारण ॲपचं रूप साधं असतं. "तुमची प्रोफाईल कोणी बघितली ते जाणून घ्या", खाली चांगले रिव्ह्यू, आत गेलं की इन्स्टाग्रामसारखंच दिसणारं लॉगिनचं पान. तिने युजरनेम पासवर्ड टाकला. अर्ध्या मिनिटात बारा धूसर चेहरे आले, आज बारा जणांनी बघितलं, नावं बघायला पैसे भरा. भरले. धूसरपणा गेला आणि सगळ्यात वर, "सर्वाधिक वेळा" असा शिक्का मारून, त्याच मैत्रिणीचा फोटो.

आता तिच्या बाजूने विचार करा. वहीत वर तीच. तपासण्यांचं माहीत असलेली तीच. आणि आता ॲपने पण तीच सांगितली. तीन पुरावे झाले तिच्या दृष्टीने. तिने त्याच रात्री मैत्रिणीला भला मोठा मेसेज लिहिला, त्यात काय होतं ते मी इथे देणार नाही, मैत्रिणीने एक ओळ उत्तर दिलं की तुला माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकलं, आणि तिने हिला सगळीकडून ब्लॉक केलं. हिला वाटलं चोरी पकडली म्हणून पळाली.

माझ्यापर्यंत हे आलं ते यानंतर नऊ-दहा दिवसांनी, ते पण वेगळ्याच कारणाने. तिच्या अकाउंटवरून अनोळखी अकाउंट्स फॉलो व्हायला लागले होते, एका सकाळी चाळीस-पन्नास, कसली तरी विक्रीची पानं. "ताई, अकाउंट हॅक झालंय वाटतं, तू एकदा बघ ना." मी म्हटलं फोन घेऊन ये, आणि काहीही डिलीट करू नकोस.

ती आली, मी सगळं विचारत गेले, आणि तपासण्यांचा भाग ऐकला तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं अगं, हे तू स्टोरीवर टाकलंच नव्हतंस ना? नाही, मेसेज होता. मग प्रोफाईल कोणीही बघू दे, हजार वेळा बघू दे, मेसेज त्याला कसा दिसेल? ती म्हणाली म्हणून तर मैत्रिणीनेच सांगितलं असणार. बरोबर आहे, तो एक रस्ता. पण दुसराही रस्ता होता आणि तो तिने विचारातच घेतला नव्हता, की मेसेज तिच्याच अकाउंटमधून वाचला गेला असेल. मग मी विचारलं, कधी असं झालंय का की मेसेज आल्याचं नोटिफिकेशन दिसलं आणि इनबॉक्स उघडला तर तो आधीच वाचलेला? ती गप्प झाली. झालं होतं. बऱ्याचदा. तिला वाटायचं फोन जुना झालाय. हीच ती तिसरी गोष्ट.

आता हे लोकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते, की प्रोफाईल बघणाऱ्यांची यादी बाहेरच्या ॲपला मिळूच शकत नाही. कोणी कोणाचं पान उघडलं हे कंपनीच्या सर्व्हरला माहीत असतं, त्यात शंका नाही. पण ती माहिती बाहेर द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामने ती दिलेली नाही, युजरला पण नाही आणि बाहेरच्या ॲपला पण नाही. फेसबुकच्या मदत पानावर तर सरळ लिहिलंय की प्रोफाईल कोण बघतं ते कळायची सोय नाही आणि बाहेरची ॲप्सही ती देऊ शकत नाहीत. उलट २०१८ च्या एप्रिलमध्ये, फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर वापरल्याचं केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण तापलेलं असताना, इन्स्टाग्रामने बाहेरच्या ॲप्सना अधिकृत मार्गाने मिळणारी फॉलोअर्सची यादीसुद्धा बंद करून टाकली. जिथे फॉलोअर्सची यादीच मिळत नाही तिथे बघणाऱ्यांची कुठून मिळणार.

म्हणून मग ही ॲप्स पासवर्ड मागतात. पासवर्ड दिला की ते ॲप तुम्ही बनून आत येतं आणि तुम्हाला जे दिसतं तेवढंच त्याला दिसतं, फॉलोअर्स, लाईक करणारे, कमेंट करणारे, स्टोरी बघणारे. त्यातूनच ते बारा नावं बनवतं. म्हणून ती नावं ओळखीची असतात, आणि ज्याचे लाईक जास्त तो वर जाणार, म्हणजे जी माणसं तुमच्यावर जीव लावून आहेत तीच "चोरून बघणारी" ठरतात.

हे मी नुसतं अंदाजाने बोलत नाहीये. मी नवीन ईमेल, कुठेही न वापरलेला पासवर्ड घेऊन एक रिकामं अकाउंट उघडलं, एकही फोटो नाही, चार फॉलोअर्स, त्यातला एक माझाच जुना बंद पडलेला अकाउंट ज्यात मी कित्येक महिने लॉगिन केलं नव्हतं. त्याच ॲपमध्ये या नव्या अकाउंटचा पासवर्ड दिला. आज नऊ जणांनी बघितलं म्हणालं, आणि पैसे न भरता जे एक नाव उघडं दाखवतात ते माझ्याच त्या बंद अकाउंटचं होतं. मी ते मामेबहिणीला तिच्यासमोर करून दाखवलं. ती रडली. त्या क्षणी तिला कळलं की मैत्रिणीचं नाव कुठून आलं होतं.

आणि हे काही नवीन नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये 'हू व्ह्यूड युअर प्रोफाईल, इन्स्टाएजंट' नावाचं ॲप काही देशांत फुकट ॲप्सच्या यादीत एक नंबरला गेलं होतं. एका डेव्हलपरने तपासलं तर ते लोकांचे इन्स्टाग्रामचे युजरनेम-पासवर्ड उघड्या अक्षरांत, कसलंही कुलूप न लावता, स्वतःच्या सर्व्हरला पाठवत होतं, वर लोकांच्या अकाउंटवर न विचारता फोटोही टाकत होतं. ॲपल आणि गूगलने ते काढलं. नंतरच्या वर्षी त्याच माणसाचं दुसऱ्या नावाचं ॲप परत आलंच. ॲप स्टोअरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे हे तिचं वाक्य होतं, ते मी या उदाहरणाने खोडून काढलं.

लोक म्हणतात अमुक ठिकाणी तर दिसतं ना. हो दिसतं, पण जिथे कंपनीने स्वतः ती सोय ठेवलीये तिथेच. ऑर्कुट या जुन्या सोशल साईटवर अलीकडे येऊन गेलेले दिसायचे, ज्यांनी ते वापरलंय त्यांच्या डोक्यात तेच बसलंय, पण ते ऑर्कुट २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद झालं. लिंक्डइनवर आजही दिसतं, फुकटच्या अकाउंटला मोजकेच आणि मागच्या ९० दिवसांतले, आणि समोरचा प्रायव्हेट मोडमध्ये फिरत असेल तर नावच येत नाही. टिकटॉकवर प्रोफाईल व्ह्यूजचा पर्याय आहे, ३० दिवसांतले दिसतात, पण दोघांनीही तो चालू ठेवला असेल तरच. व्हॉट्सॲप स्टेटस कोणी बघितलं ते दिसतं, पण ज्याने रीड रिसीट, म्हणजे वाचल्याची खूण, बंद केलीये तो दिसत नाही. इन्स्टाग्रामचं अकाउंट प्रोफेशनल केलं तर आकडे मिळतात, इतक्या भेटी, अमुक वयाचे, तमुक शहरातले. नाव एकही नाही.

परत प्रकरणाकडे.

त्या संध्याकाळी आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन, पासवर्ड आणि सिक्युरिटीत, कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी उघडली. आणि लगेच स्क्रीनशॉट काढले. हे स्क्रीनशॉट फार महत्त्वाचे, कारण माणूस घाबरून आधी सगळ्यातून लॉगआउट करतो आणि कोण होतं त्याचा एकमेव माग स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. यादीत चार नोंदी होत्या. तिचा फोन. तिचा लॅपटॉप. एक कुठल्यातरी लांबच्या देशातली, तारीख बरोबर ॲप टाकलं त्या दिवसाची, ती ॲपवाल्यांची हे उघड होतं. ॲप्स आणि वेबसाईट्सच्या परवानग्यांमध्ये मात्र त्या ॲपचं नावच नव्हतं, कारण त्याने परवानगी मागितलीच नव्हती, थेट पासवर्डने घुसलं होतं. जे लोक फक्त परवानग्यांची यादी तपासून निश्चिंत होतात त्यांच्या हे लक्षात येत नाही.

चौथी नोंद एका टॅबलेटची. तिच्याकडे टॅबलेट नाही, कधीच नव्हता.

शहराचं नाव तिच्याच भागातलं होतं, पण मी शहरावर फार जात नाही कारण ते इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं असतं आणि कितीदा चुकतं, माझा स्वतःचा फोन मला कधी कधी दुसऱ्याच गावात दाखवतो. पण टॅबचं मॉडेल वाचून तिला आठवलं. लग्न ठरल्यानंतर एकदा सगळे जमलेले, फोटो त्याच्या बहिणीच्या टॅबवर होते, आणि ते अपलोड करायला हिने त्यावर स्वतःचं लॉगिन केलं होतं. दहा मिनिटांचं काम. लॉगआउट करायचं राहिलं. त्यानंतर दोन वर्षं तिने पासवर्ड बदललाच नव्हता, त्यामुळे ते लॉगिन जिवंतच राहिलं, लग्न मोडलं, ब्लॉक केलं, अकाउंट प्रायव्हेट केलं, तरी तो टॅब तिच्याच अकाउंटच्या आत बसलेला होता. ब्लॉक त्याच्या अकाउंटला होता, आणि बघणं चाललं होतं हिच्या अकाउंटमधून. जगातलं कुठलंही व्ह्यूअर शोधणारं साधन, अगदी खरंखुरं असतं तरी, हे दाखवू शकलं नसतं, कारण यादीत आपण स्वतः कधी येत नाही.

टॅब चालू होता म्हणजे कोणी वाचतच होतं हे मात्र सिद्ध होत नव्हतं, आणि एकदा खोट्या पुराव्यावर माणूस तोडल्यावर तिला आता खात्री हवी होती. इथे आमच्यात वाद झाला. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता सगळं बंद कर. ती म्हणाली ताई, बंद केलं की मला कधीच कळणार नाही की माझी मैत्रीण खरी होती का. शेवटी मी तिचं ऐकलं, पण अटी घालून. पासवर्ड बदलला, बदलताना बाकीच्या डिव्हाइसमधून लॉगआउट करायचं जो खूण करायचा चौकोन येतो तो मुद्दाम रिकामा ठेवला, ॲपवाल्यांची नोंद तेवढी हाताने काढली, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत वेगळा कोडही लागतो ते, चालू केलं म्हणजे जुना पासवर्ड हातात असला तरी कोणी नव्याने येऊ नये. टॅबची नोंद तशीच ठेवली. जे मेसेज कोणी वाचू नयेत ते तिने जपून ठेवून इनबॉक्समधून काढले आणि जवळच्यांशी बोलणं काही दिवस फक्त फोनवर.

मग क्लोज फ्रेंड्सच्या यादीतून तिने सगळ्यांना काढलं आणि फक्त मला ठेवलं. एकच स्टोरी टाकली, पुढच्या महिन्यात शहर बदलतेय, घर पण बघून ठेवलं. पूर्ण खोटी बातमी, कोणाशीही बोललो नाही, मी घरात पण नाही. ४८ तास संपायच्या आत व्ह्यूअर्सचा स्क्रीनशॉट घेतला, एक नाव, माझं.

पाचव्या दिवशी त्याच बाईंचा फोन. घर कुठं बघितलंस गं?

तिने फोन ठेवला आणि एकही शब्द न बोलता टॅबची नोंद निवडून लॉगआउट केलं. त्या दिवसानंतर एकही गोष्ट बाहेर गेलेली नाही.

ही चाचणी मी सगळ्यांना सांगणार नाही. इथे समोरच्याकडून धमकी नव्हती, जिवाची भीती नव्हती, फक्त डोकावणं होतं. जिथे मारहाणीचा, धमकीचा, पाठलागाचा इतिहास आहे तिथे एक दिवस पण दार उघडं ठेवायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, विश्वासातल्या माणसाला सोबत घ्यायचं, पोलिसांकडे जायचं, आणि लॉगआउट कधी करायचं ते पण त्यांच्याशी बोलून ठरवायचं, कारण अचानक बंद झालेलं दार बघून काही माणसं जास्त चवताळतात.

टॅब कोणाच्या हातात होता, त्याच्या का बहिणीच्या का घरातल्या अजून कोणाच्या, हे यादी सांगत नाही. मला वाटत होतं तिने एक खणखणीत मेसेज लिहावा. तिने नाही लिहिला. ती म्हणाली, मी ॲपच्या भरवशावर एकदा एका माणसाला चोर म्हणून बसलेय, आता माझ्याकडे डिव्हाइसचं नाव आहे, माणसाचं नाही. मी त्यावर काही बोलले नाही, तिचं बरोबर होतं. लॉगिन तिने स्वतः करून दिलं होतं हे खरं, पण दुसऱ्याचा उघडा राहिलेला इनबॉक्स दिसला तर बंद करायचा असतो, तो दोन वर्षं वाचत बसायचा नसतो, तिची चूक आणि त्यांचं वागणं एका मापाने मोजू नका.

नंतरची कामं पटापट झाली. तोच जुना पासवर्ड ईमेलला आणि फेसबुकलाही होता, दोन्ही बदलले, ईमेल आधी, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याला बाकीचे पासवर्ड रीसेट करता येतात. ईमेलच्या डिव्हाइसच्या यादीतही तो टॅब निघतो का ते बघितलं, नव्हता. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेस बघितले, तिथे ऑफिसच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालू होतं, ते काढलं. ॲपवाल्यांनी फॉलो केलेली पानं हाताने अनफॉलो करायला अर्धा तास गेला. पैसे परत मिळाले नाहीत.

त्या बाईंना ब्लॉक करायचं का असं ती विचारत होती, मी म्हटलं नको, त्या फक्त ऐकलेलं पुढं विचारत होत्या, आणि त्यांनी विचारलं म्हणून तर कळलं. तिने त्यांना रिस्ट्रिक्ट केलं, म्हणजे त्यांना कळत नाही पण ती ऑनलाईन आहे का, मेसेज वाचला का, हे त्यांना दिसत नाही.

मैत्रिणीचं राहिलं. ब्लॉक होती म्हणून मेसेज जायचा रस्ताच नव्हता, फोन लागत नव्हता. तिने कागदावर पत्र लिहिलं, चार पानं, त्यात टॅबचं, ॲपचं, माझ्या रिकाम्या अकाउंटच्या चाचणीचं सगळं होतं, मी वाचून सांगितलं की हे सगळं काढ, ती काय पोलीस आहे का तुझा तपास वाचायला, माफी माग. मग एक पान झालं. ते तिने मैत्रिणीच्या घरी स्वतः जाऊन दिलं, दार तिच्या आईने उघडलं, पत्र घेतलं, आत बोलावलं नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. ब्लॉक काढलाय, पण मला वेळ लागेल, आणि एक विचारायचं होतं, तपासण्यांचे रिपोर्ट काय आले? हिने मला तो मेसेज दाखवला तेव्हा तिचा हात थरथरत होता. रिपोर्ट चांगले आले होते, ते तिने लगेच कळवलं. फॉलो रिक्वेस्ट तिने पाठवलीये, ती अजून पेंडिंग आहे.

वही तिने फाडली नाही, मला दिली. लॉगिनच्या यादीत आता दोनच नोंदी आहेत, फोन आणि लॅपटॉप, महिन्यातून एकदा ती उघडून बघते आणि मला स्क्रीनशॉट पाठवते.